जुन्या कोर्टाने वाचवलेली वर्षे

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि सोलापूरकरांना उच्च न्यायालय जवळ आले. आदल्या दिवशी सरन्यायाधीश भूषण गवई यांनी उद्घाटन केले होते. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची ही चाळीस वर्षांहून जुनी मागणी. तिचा मागोवा घेताना वकिलांच्या लढ्याबरोबर एका जुन्या इमारतीचेही ऋण मानायला हवे.

बेंच येण्याआधी अपिलाची तारीख म्हणजे सोलापूरहून चारशे किलोमीटर, रात्रीची गाडी, मुंबईतला मुक्काम, तिथल्या वकिलाची फी. आणि बोर्डावर येऊनही कित्येकदा पुढचीच तारीख. बांधाचा वाद लढणाऱ्या सांगोला-मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला हा खर्च पेलायचा कसा? मराठवाड्याला १९८१मध्येच औरंगाबादला बेंच मिळाले, राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३)च्या आधारे. इकडे मात्र ठराव, मोर्चे, धरणे, कामकाजावर बहिष्कार यांतच वर्षे सरली. अखेर १ ऑगस्ट २०२५ रोजी मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी त्याच कलमाखाली अधिसूचना काढली.

मग जागेचा प्रश्न. कोल्हापुरातल्या शेंडा पार्कच्या जमिनीवर बेंचचे नवे संकुल उभे राहायला वर्षे लागणार. पण सीपीआर रुग्णालयासमोरचे जुने जिल्हा न्यायालय होते. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याच्या नव्या इमारतीत गेल्यावरही हे आवार शाबूत राहिले. तिथल्या ‘राधाबाई’ इमारतीसह सारा परिसर सार्वजनिक बांधकाम विभागाने काही आठवड्यांत कामकाजायोग्य केला.

अशा कामात घाई आणि जपणूक दोन्ही सांभाळावी लागतात. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला तर आतली ओल अडकते आणि दगड झिजू लागतो. उंच छताखाली आवाज घुमतो, म्हणून ध्वनिव्यवस्था विचारपूर्वक लावावी लागते. ई-फायलिंग आणि दूरदृश्य सुनावणीसाठी तारा टाकायच्या, पण कोरीव लाकडाला छिद्रे पाडायची नाहीत. वृद्ध पक्षकारासाठी उतरता मार्ग हवा, महिला वकिलांसाठी बाररूम आणि स्वच्छतागृह हवे. वारसा टिकतो तो या तपशिलांत.

आता रत्नागिरी-नागपूर महामार्गाने मंगळवेढा, सांगोला, मिरज करत सोलापूरचा पक्षकार कोल्हापूर गाठतो. ते जुने आवार पाडून तिथे व्यापारी संकुल बांधले असते, तर कलम असूनही न्यायमूर्तींना बसायला जागा नसती.

सोलापूरनेही हे मनावर घ्यावे. आप्पासाहेब वारद यांनी उभारलेल्या इंद्रभुवनातून आपल्या महापालिकेचा कारभार चालत आला आहे. वापरात राहिलेली वास्तू टिकते, हे आपण घरातच पाहिले आहे. म्हणून शेंडा पार्कचे संकुल पूर्ण झाले तरी जुन्या कोर्टाला कुलूप लागू नये. तिथे विधी सेवा केंद्र चालावे, मध्यस्थी व्हावी, आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी ठरलेला निधी मिळावा.