माशाआधीं पाणी

पाचोडसारख्या गांवीं बेट्टा मासा पाळूं इच्छिणारानें प्रथम पाणी सिद्ध करावें. थायलंडकडील हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. म्हणून लहान बरणींतही तग धरतो. परंतु तग धरणें म्हणजे सुखानें जगणें नव्हे. त्याच्या उत्सर्गांतून व कुजलेल्या खाद्यांतून होणारा अमोनिया कल्ले जाळतो.

यास्तव निदान २० लिटरांची टाकी घ्यावी. क्लोरीन घालविलेलें पाणी भरून गाळणयंत्र चालू ठेवावें व मासा न सोडतां रोज चिमूटभर खाद्य टाकावें. सूक्ष्मजंतु वाढून अमोनियाचें नायट्राइट व त्या विषाचें सौम्य नायट्रेट करतात. यास बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. खाद्य घालीत असतांही परीक्षेंत पहिलीं दोन्ही शून्य आलीं, कीं निम्में पाणी बदलून मासा सोडावा.

थंडींत पाणी २५ अंशांखालीं जाऊं देऊं नये. गाळणीचा स्पंज नळाखालीं धुऊं नये. टाकीचे उपकारक जंतु तेथेंच वसतात.