उपाशी टांकीस पेंढ्याचा आधार

ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यांतील बैल कमी झाले व अनेक घरच्या गोबरगॅसच्या टांक्या शेणावांचून अर्धपोटीं राहिल्या. त्याच घरच्या शेतांत सुगीनंतर पेंढा, पाचट व भुसकट यांस काडी लावण्यांत येते. शेत लवकर मोकळें होतें हें खरें. परंतु खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. एक टन भाताच्या पेंढ्यांत सुमारें ५.५ किलो नत्र असतें. पेंढा जाळला कीं तें बहुतेक सर्व हवेंत जातें. तोच माल टांकींत कुजविल्यास चुलीस गॅस मिळतो व नत्र स्लरींत शिल्लक राहतें.

हवाबंद टांकींत दोन प्रकारचे सूक्ष्म जंतु काम करितात. पहिले काडीकचऱ्यापासून आम्ल बनवितात; दुसरे त्यापासून मिथेन हा जळणारा वायु करितात. दुसरे जंतु मंद व नाजूक आहेत. त्यांस नत्राच्या १ भागास कर्बाचे २० ते ३० भाग मानवतात. शेणांत हें प्रमाण २५ च्या आसपास असतें. पेंढ्यांत तें ७० च्या घरांत जातें. म्हणून पेंढ्यास शेणाची जोड हवीच.

पंजाबांत लेहरागागा येथें भाताच्या पेंढ्यापासून गॅस करणारा मोठा कारखाना २०२२ सालीं सुरू झाला. परंतु तेथील यंत्रसामग्री निराळी. आपली टांकी शेणासाठीं बांधलेली आहे, हें विसरूं नये.

आम्ही सुचवितों तो क्रम असा. गुरें खातील तें प्रथम गुरांस द्यावें. उरलेल्या मालाची कडबाकुट्टी यंत्रावर एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करून तीवर स्लरी शिंपडावी व ढीग आठवडाभर ओला ठेवावा. मग दर २५ किलो ताज्या शेणामागें १ किलो कोरड्या मालाची कुट्टी, व नेहमींच्या पाण्याखेरीज १० लिटर पाणी अधिक, येणेंप्रमाणें आरंभ करावा. नीट कुजल्यास एवढ्या कुट्टीपासून सुमारें ५ किलो शेणाइतका गॅस मिळूं शकतो.

लांब काड्या टांकींत घालूं नयेत. त्या तरंगून वर जाड थर धरतो व गॅस अडतो. कपाशीची पऱ्हाटी व तुराटी लांकडासारखी असल्यानें टांकींत कुजत नाहीं. गॅस घटून स्लरीस आंबट वास येऊं लागल्यास आम्ल वाढलें असें समजावें. भरणा कांहीं दिवस थांबवून पुढें केवळ शेणच घालावें.

शेवटीं एक गोष्ट. स्लरी उन्हांत पसरून वाळवूं नये, कारण त्यायोगें नत्र पुन्हां उडून जातें. ती ओलीच पाटाच्या पाण्याबरोबर सोडावी, किंवा खताच्या खड्ड्यांत काडीकचऱ्यावर ओतावी. शेतांतून आलेलें शेतास परत गेलें, तरच हा व्यवहार फायद्याचा ठरेल.