पास्काकाळातील धर्मग्राम-जीवन आणि लोकप्रार्थना : वसई, मुंबई व गोवा यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

ख्रिस्ती सणांविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुधा नाताळ आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांभोवती फिरते. ईस्टरचा उल्लेख आलाच तर तो एका रविवारापुरता येतो. वस्तुतः कॅथलिक पंचांगानुसार ईस्टर हा केवळ एक दिवस नसून तो एक काळ आहे. ईस्टरच्या रविवारापासून पेन्टेकॉस्टच्या रविवारापर्यंतचे 50 दिवस 'पास्काकाळ' म्हणून ओळखले जातात. त्यापूर्वीचा प्रायश्चित्तकाळ परंपरेने 40 दिवसांचा मानला जातो. म्हणजे आनंदाचा काळ हा अनुतापाच्या काळाहून मोठा आहे. असे असूनही धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील श्रद्धावंतांच्या समूहात, प्रायश्चित्तकाळ जितक्या ठळकपणे पाळला जातो तितका पास्काकाळ पाळला जात नाही. असे का व्हावे, आणि या 50 दिवसांतील प्रार्थना नेमकी कोठे शोधावी, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चर्चच्या आतील पास्काकाळ :

पास्काकाळाचा आरंभ पवित्र शनिवारी रात्री होणाऱ्या जागरणविधीने होतो. चर्चबाहेर नवा अग्नी प्रज्वलित केला जातो. त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती पेटविली जाते. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील आद्य व अंत्य अक्षर आणि चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात. अंधाऱ्या चर्चमध्ये तिच्या ज्योतीवरून लोकांच्या हातातील मेणबत्त्या पेटत जातात. त्यानंतर शास्त्रवाचने, पाण्याचा आशीर्वाद, स्नानसंस्कार आणि उपस्थितांनी आपल्या स्नानसंस्काराच्या वचनांची केलेली उजळणी असा क्रम असतो. हा विधी प्राचीन खरा. परंतु मधल्या काही शतकांत तो शनिवारी सकाळीच उरकला जात असे. पोप बारावे पायस यांनी 1951 साली प्रायोगिक स्वरूपात तो पुन्हा रात्री करण्यास अनुमती दिली. 1955 सालच्या आदेशाने पवित्र आठवड्याच्या सर्वच विधींची फेररचना झाली व ती 1956 पासून अमलात आली. अर्थात आज धर्मग्रामात 'परंपरागत' वाटणारे हे रात्रीचे जागरण सर्वसामान्य श्रद्धावंतांना परत मिळून जेमतेम पाऊण शतक झाले आहे.

पुढील 50 दिवस ही मेणबत्ती वेदीजवळ उभी असते. मिस्सातील पहिले वाचन एरवी बहुधा जुन्या करारातून होते. पास्काकाळात ते 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथातून होते. सकाळ, मध्यान्ह व सायंकाळी घंटेच्या नादावर म्हणावयाच्या 'देवदूताचा संदेश' या प्रार्थनेची जागा मरियेला स्वर्गाची राणी म्हणून संबोधणारी प्रार्थना घेते, आणि ती उभ्याने म्हटली जाते. उभे राहण्याचा हा संकेत फार जुना आहे. 325 साली भरलेल्या नायसियाच्या परिषदेने रविवारी व पेन्टेकॉस्टपर्यंतच्या दिवसांत गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करावी असा नियम केला होता. गुडघे टेकलेला भक्त ही ख्रिस्ती प्रार्थनेची सर्वपरिचित प्रतिमा. पण प्राचीन ख्रिस्तमंडळीने नेमकी तीच या काळापुरती बाजूला ठेवली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

भक्तीची ओहोटी व तिची कारणे :

प्रायश्चित्तकाळात भक्ताच्या शरीरालाही काम असते. उपवास, मांसवर्जन, शुक्रवारची क्रूसाची वाट, अनवाणी चालणे, दुःखसहनाच्या गीतांचे गायन अशा अनेक कृती त्याच्या हाताशी असतात. क्रूसाच्या वाटेवरील 14 स्थाने तर निरक्षर माणसालाही पाठ असतात. पास्काकाळात असे काहीच सोपविलेले नाही. दुःख कसे पाळावे याचे नियम करता येतात. आनंद कसा पाळावा याचे नियम करणे अवघड आहे. चौथ्या लॅटरन परिषदेने 1215 साली प्रत्येक प्रौढ श्रद्धावंताने वर्षातून किमान एकदा, ईस्टरच्या सुमारास, ख्रिस्तशरीर स्वीकारलेच पाहिजे असे बंधन घातले. येथेही आनंदाच्या काळाला मिळाले ते किमान कर्तव्याचे रूप!

दुसरे कारण सामाजिक आहे. प्रायश्चित्तकाळात विवाह टाळण्याची प्रथा असल्यामुळे ईस्टर उलटताच लग्नसराई सुरू होते. शाळांना सुट्ट्या लागतात. लहान मुलांचे प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकाराचे सोहळेही याच सुमारास होतात. धर्मग्रामाचे चैतन्य चर्चच्या आवारातून घरांकडे, मांडवांकडे वळते. यास भक्तीची ओहोटी म्हणावे की केवळ स्थलांतर, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

नव्या भक्तिप्रकारांची जोड :

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. लोकांचे भक्तिप्रकार उपासनेच्या कालचक्राशी सुसंगत असावेत, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली आहे. या दृष्टीने विसाव्या शतकाच्या अखेरीस 'प्रकाशाची वाट' नावाचा भक्तिप्रकार आकारास आला. रिकाम्या कबरीपासून पवित्र आत्म्याच्या आगमनापर्यंतचे 14 प्रसंग त्यात क्रूसाच्या वाटेच्या धर्तीवर योजलेले आहेत. व्हॅटिकनने 2001 साली तयार केलेल्या लोकभक्तीविषयक मार्गदर्शिकेतही त्याचा पुरस्कार आढळतो.

याच सुमारास दुसरा एक भक्तिप्रकार पुढे आला. पोलंडमधील भगिनी फॉस्तिना (1905-1938) यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी 30 एप्रिल 2000 रोजी संतपद बहाल केले व ईस्टरनंतरचा रविवार 'दैवी दयेचा रविवार' म्हणून पाळावा असे जाहीर केले. या भक्तीची नऊ दिवसांची प्रार्थना गुड फ्रायडेला सुरू होते व या रविवारच्या उंबरठ्यावर पूर्ण होते. आपल्याकडील धर्मग्रामांत ती सहज रुजली. 'प्रकाशाची वाट' त्या मानाने कमी रुजली. याचे कारण कदाचित साधेच असावे. दैवी दयेची प्रार्थना नेहमीच्याच जपमाळेच्या मण्यांवर म्हणता येते. तिच्यासाठी नवे साहित्य लागत नाही, पुस्तक लागत नाही, धर्मगुरूही लागत नाही. वरून सुचविलेली भक्ती लोकांच्या हातातील वस्तूला येऊन भिडते तेव्हाच ती टिकते.

क्रूसाजवळील लदीन :

परंतु कोकणपट्टीतील पास्काकाळाची खरी लोकप्रार्थना या दोन्हींहून जुनी आहे, आणि ती चर्चच्या बाहेर आहे. वसईच्या गावांत, मुंबईच्या गावठाणांत आणि गोव्याच्या वाड्यांवर रस्त्याच्या कडेला, आळीच्या तोंडाशी क्रूस उभे दिसतात. मुंबई परिसरातील अनेक क्रूस 1896 पासूनच्या प्लेगच्या वर्षांत उभारले गेले. एप्रिल-मे महिन्यांत या क्रूसांना रंग दिला जातो, फुलांच्या माळा व दिव्यांनी ते सजविले जातात आणि सायंकाळी वाडीतील कुटुंबे एकत्र येऊन जपमाळ व 'लदीन' म्हणतात. लदीन म्हणजे मरियेच्या विविध नामाभिधानांची माळ. लोरेतोची म्हणून प्रसिद्ध असलेल्या या नामावलीस पोप पाचवे सिक्स्तुस यांनी 1587 साली मान्यता दिली. विष्णुसहस्रनामाशी परिचित असलेल्या मराठी वाचकास या प्रार्थनेची घडण सहज समजेल. प्रार्थनेनंतर उकडलेले हरभरे वाटण्याची रीत गोव्यात व मुंबईच्या गावठाणांत आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. क्रूस हा गुड फ्रायडेचा, जपमाळ मरियेची. मग या प्रार्थनेत पुनरुत्थान कोठे? आक्षेप तर्कशुद्ध आहे. पण तो पंचांगाकडे पुरेसे लक्ष देत नाही. जुन्या पंचांगात 3 मे हा दिवस पवित्र क्रूस सापडल्याचा सण म्हणून होता. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल या मर्यादेत येत असल्यामुळे पेन्टेकॉस्ट 10 मे ते 13 जून या मर्यादेत येते. त्यामुळे 3 मे हा दिवस कोणत्याही वर्षी पास्काकाळातच पडतो. हा सण 1960 साली सार्वत्रिक पंचांगातून वगळण्यात आला. आता त्या तारखेला प्रेषित फिलिप व याकोब यांचा सण असतो. रोममधील पंचांग बदलले, वाडीवरील बदलले नाही. शिवाय वाटेवरील बहुतेक क्रूसांवर येशूची मूर्ती नसते. शुभ्र रंगाचा, माळा घातलेला तो रिकामा क्रूस गुड फ्रायडेच्या शोकचिन्हाहून निश्चितच वेगळा आहे. शेतीची कामे सुरू होण्यापूर्वीचे मोकळे दिवस आणि कोरड्या संध्याकाळी यांचाही या प्रथेच्या काळनिवडीशी संबंध असावा.

भाषेच्या दृष्टीनेही ही प्रार्थना अभ्यसनीय आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली राशोल येथे छापले गेले आणि ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत आले. मिस्साची भाषा मात्र पुढील साडेतीन शतके लॅटिनच राहिली. 1963 नंतर वसईतील चर्चमध्ये मराठीतून उपासना होऊ लागली. मात्र गोव्यात क्रूसाजवळील लदीन आजही अनेक ठिकाणी लॅटिनमधून, व्हायोलिनच्या साथीवर गायली जाते. चर्चने लोकभाषा स्वीकारली आणि लोकांनी चर्चची जुनी भाषा जपली, असा हा उलटा प्रवास आहे.

प्रार्थनेचे नेतृत्व :

लदीनीचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे तिला धर्मगुरूची आवश्यकता नसते. वाडीतील जाणती स्त्री, चर्चच्या गायकवृंदातील एखादा गृहस्थ प्रार्थना चालवितो. दिवस घरे वाटून घेतात. वर्षभर वेदीसमोर श्रोता असणारा माणूस येथे प्रार्थनेचा कर्ता होतो. 12 एप्रिल 2020 चा ईस्टर टाळेबंदीत आला व चर्चची दारे बंद राहिली. मिस्सा पडद्यावर पाहावी लागली. जपमाळ आणि लदीन मात्र घरोघरी प्रत्यक्ष म्हणता आली, कारण त्यांचे नेतृत्व मुळातच घरात होते.

हे नेतृत्व टिकून राहण्यास वाडी लागते. वसई-विरार महानगरपालिका 2009 साली अस्तित्वात आली, त्याच्या आधीपासूनच बागायती तोडून इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. मुंबईतील गावठाणांत हीच प्रक्रिया कितीतरी आधी घडली. जुने क्रूस कोठे रस्तारुंदीच्या आड येतात, कोठे संकुलाच्या भिंतीआड जातात. काही गृहसंकुलांनी आपल्या आवारात नवे क्रूस उभारले आहेत. मे महिन्यात तेथेही जपमाळ होते. मात्र पिढ्यान्‌पिढ्या कानाने शिकलेली चाल आणि शब्द तेथे आपोआप येत नाहीत. छापील पुस्तिका व ध्वनिमुद्रण यांवर विसंबावे लागते. पेन्टेकॉस्टनंतर पास्काची मेणबत्ती वेदीजवळून हलवून स्नानसंस्काराच्या कुंडाशी ठेवतात. तेथून ती स्नानसंस्काराच्या व अंत्यविधीच्या वेळी पेटविली जाते, आणि तिच्या जपणुकीची व्यवस्था धर्मग्रामाच्या हाती असते. लदीनीसाठी अशी व्यवस्था नाही. ती जाणणाऱ्या वृद्धांकडून तिच्या स्थानिक चाली व पाठभेद नोंदवून घेणे हे काम वसई, मुंबई व गोव्यातील महाविद्यालयांच्या मराठी, कोंकणी व संगीत विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी एप्रिल-मे हेच दिवस सोयीचे आहेत.