नामांतर आणि शिवीचा स्वीकार : अमेरिकन कृष्णवर्णीयांतील एक वाद

अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठीत चर्चा होते तेव्हा दोन भिन्न प्रश्नांची सरमिसळ होण्याचा संभव असतो. समाजाने स्वतःस कोणत्या नावाने ओळखावे, हा एक. ज्या शब्दाने त्याचा अवमान झाला तोच शब्द त्याने आपल्या तोंडी घ्यावा काय, हा दुसरा. जनार्दन वाघमारे यांच्या 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' या ग्रंथाच्या शीर्षकातील 'निग्रो' हे एकेकाळचे प्रतिष्ठित नाव होय, 'निगर' ही त्याच मुळातून आलेली शिवी.

नावाचा वाद उघडपणे झाला. १९२८ साली 'निग्रो' या नावास एका विद्यार्थ्याने आक्षेप घेतला असता, नाव बदलल्याने वस्तुस्थिती बदलत नाही, असे उत्तर डू बॉइस यांनी 'क्रायसिस'मध्ये दिले. १९६६ मध्ये स्टोकली कारमायकेल यांच्या 'ब्लॅक पॉवर' या घोषणेनंतर 'ब्लॅक' हा पूर्वी अनेकांना झोंबणारा शब्द अभिमानाचा ठरला, आणि तो कोणालाही वापरता येऊ लागला.

शिवीचे तसे झाले नाही. कार्ल व्हॅन व्हेक्टन या गौरवर्णीय लेखकाने १९२६ साली ती कादंबरीच्या शीर्षकातच घातली, तेव्हा डू बॉइस यांनी कठोर टीका केली. लँग्स्टन ह्यूज यांनी मात्र कादंबरीची पाठराखण केली. पुढे विनोदी कलावंत रिचर्ड प्रायर याने १९७४ च्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच तो शब्द मिरवला. १९७९ च्या केनियाच्या प्रवासात, हे नाव ज्याला लावावे असा एकही मनुष्य आपल्याला दिसला नाही, असे सांगून त्याने तो सोडला. २००७ साली डेट्रॉइट येथे एनएएसीपी या संस्थेने या शब्दाची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. अंत्ययात्रेने शब्द मरत नाही. परंतु प्रायरची साक्ष इतक्या सहज बाजूला सारता येत नाही, कारण ती शब्दाच्या आतून आलेली आहे.

अंत्य 'र' गाळून उच्चारलेला शब्द निराळाच, जिव्हाळ्याचा, असा युक्तिवाद केला जातो. अंत्य 'र' गाळणे हे कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीचे सर्वसाधारण लक्षण असल्याने केवळ ध्वनीवरून ते सिद्ध होत नाही. भेद आहे तो वक्त्याचा. 'ब्लॅक' सर्वांचा झाला म्हणून मुक्त झाला. हा शब्द सर्वांचा होत नाही, यातच त्याच्या आपलेपणाचे बळ आहे आणि त्याची जुनी जखमही.

१९७२ साली मुंबईत 'दलित पँथर'ने ब्लॅक पँथरपासून स्फूर्ती घेतली. तेथील 'दलित' हे जाणीवपूर्वक पत्करलेले नाव असल्याने त्याची तुलना 'ब्लॅक'शी करणे योग्य; शिवीच्या स्वीकाराशी नव्हे.

अनुवादकाची अडचण येथेच सुरू होते. ऑगस्ट विल्सन यांच्या 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' या नाटकात वादक आपापसांत हा शब्द सहज फेकतात. तेथे 'निग्रो' घातल्यास भांडणाला शिरगणतीची भाषा येते. 'काळ्या' म्हणावे, तर मराठीत ती हेटाळणीही होते आणि लाडाची हाकही. गुलामगिरीचा इतिहास मात्र त्या हाकेत नाही. अशा ठिकाणी मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवणे अधिक प्रामाणिक होय, मग वाचक तेथे अडखळला तरी चालेल.