सर विल्यम टार्न आणि धेनुकाकटचे यवन उपासक

पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम सीमेवर, देहूरोडनजीक, शेलारवाडीची (घोरावडेश्वर) बौद्ध लेणी आहेत. देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, हे सर्वांस विदित आहेच. त्या स्थानापासून जवळच असलेल्या या लेण्यांतील एका प्राचीन शिलालेखात, धेनुकाकट गावच्या उसभणक नामक शेतकरी कुटुंबिकाची पत्नी सिअगुतणिका हिने नंद या पुत्रासह लेणे दान केल्याची नोंद आहे. हेच धेनुकाकट कार्ल्याच्या महाचैत्यात वारंवार भेटते. तेथील स्तंभांवर सिहधय, यसवधन इत्यादी दात्यांनी आपला उल्लेख 'धेनुकाकटचे यवन' असा केला आहे. 'यवन' म्हणजे ग्रीक. मात्र नावे सर्वस्वी भारतीय. मग हे दाते कोण होते?

या प्रश्नास सर्वाधिक गाजलेले उत्तर प्राचीन ग्रीक विद्येच्या एका पंडिताने दिले. विल्यम वुडथॉर्प टार्न यांचा जन्म १८६९ साली लंडनमध्ये झाला. ईटन येथील शालेय शिक्षणानंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी हेन्री जॅक्सन यांच्यापाशी ग्रीक तत्त्वज्ञानाचे अध्ययन केले. पुढे ते बॅरिस्टर झाले. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे वकिली सोडून स्कॉटलंडमध्ये स्थायिक झाले. कोणत्याही विद्यापीठात त्यांनी प्राध्यापकपद भूषविले नाही. तरीही खासगी अध्ययनाच्या बळावर त्यांनी अलेक्झांडरोत्तर ग्रीक जगाच्या इतिहासात अधिकारी स्थान मिळविले. मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस गोनाटस याच्यावरील त्यांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला. १९२८ मध्ये ते ब्रिटिश अकादमीचे सदस्य झाले, १९५२ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि १९५७ साली त्यांचे निधन झाले.

बॅक्ट्रिया व भारतातील ग्रीकांवरील त्यांचा ग्रंथ १९३८ साली प्रकाशित झाला. हिंदी-ग्रीक राज्ये ही भारतीय इतिहासातील उपकथा नसून ग्रीक इतिहासाचाच एक अध्याय आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. मिलिंदपञ्ह या ग्रंथामागे मूळ ग्रीक रचना असावी, अशीही कल्पना त्यांनी मांडली. परंतु डच पंडित यान खोंडा यांनी १९४९ साली तिचे खंडन केले. कार्ल्याच्या यवनांविषयी टार्न यांचे मत असे की, ते वंशाने ग्रीक नव्हतेच. ग्रीक नगराचे नागरिकत्व लाभलेले ते भारतीय होते. नाशिकच्या लेण्यात आपणास उत्तरेकडील 'योनक' म्हणविणाऱ्या धर्मदेवपुत्र इंद्राग्निदत्ताचा दाखलाही त्यांनी याच अर्थाने घेतला.

या युक्तिवादाचा पाया एकच आहे : भारतीय नाव धारण करणारा मनुष्य ग्रीक असू शकत नाही. धम्माच्या परंपरेस हे गृहीतक मान्य होण्यासारखे नाही. अपरांतात, म्हणजे कोकणच्या बाजूस, धम्मप्रचारार्थ पाठविलेल्या थेरांचे नाव महावंसात 'योन धम्मरक्खित' असे आले आहे. ते योन होते आणि त्यांचे नाव धम्माचे होते. उलट जुन्नरच्या लेण्यांत 'इरिल' नामक यवनाने पाण्याची टाकी दान केली आहेत. ते नाव भारतीय वाटत नाही. स्वातच्या खोऱ्यात तथागतांच्या धातूंची स्थापना करणाऱ्या थेउदोर या अधिकाऱ्यानेही आपले ग्रीक नाव टाकले नव्हते. यावरून कोणी नाव बदलले, कोणी राखले, असेच दिसते. नावावरून वंश ठरत नाही.

टार्न यांनी या दात्यांचा विचार ग्रीक जगाच्या बाजूने केला. पुण्याच्या दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनी तो सह्याद्रीच्या बाजूने केला. धर्मानंद कोसंबींचे हे पुत्र व्यवसायाने गणिती. परंतु मावळातील घाटवाटा व लेणी पायी तुडवून त्यांनी पुरावा गोळा केला. अन्य संशोधकांनी धेनुकाकट हे डहाणू अथवा आंध्रातील धरणीकोट मानले असता, कोसंबींनी ते कार्ल्याच्या परिसरातच शोधले आणि ती व्यापारी ग्रीकांची वसाहत असल्याचे मत मांडले. स्थळनिश्चितीचा वाद मिटलेला नाही. तथापि घाटमार्ग, व्यापार व लेणी यांचा संबंध त्यांनी स्पष्ट केला.

कार्ल्याच्या लेखांत याच धेनुकाकटचा सुतार सामी आहे, गंधविक्रेता सिंहदत्त आहे आणि यवनही आहेत. शेलारवाडीत शेतकऱ्याची पत्नी आहे. या लेखांत गाव, व्यवसाय, नाते व दान यांची नोंद आहे. वर्णाच्या पायरीने दात्यांची मांडणी कोठेही नाही. सुताराने घडविलेले द्वार आणि यवनाने दिलेला स्तंभ एकाच चैत्यास आधार देतात. 'यवन' हा शब्द त्यांच्या मूळ ओळखीचा निदर्शक असेल. पण ती ओळख दानाच्या आड आली नाही. टार्न यांच्या ग्रीक पांडित्याविषयी आदर बाळगूनही, ग्रीक की भारतीय असा पेच त्या दात्यांना स्वतःला पडला नव्हता, हे या लेखांच्या वाचनातून ध्यानी येते.