आधी बसायचं, मग पाय

विद्यार्थी म्हणून आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची अमेरिकेतली पहिली गाडी कुणातरी सीनियरने जाताजाता गळ्यात मारलेली असते. तिच्यावर आपण पार्ट्यांमध्ये विनोद सांगतो. जीव जडतो तो दुसऱ्या गाडीवर. नोकरी लागलेली असते, ग्रीन कार्डाचा अर्ज गेलेला असतो आणि ही गाडी, हप्त्यांवर का होईना, नवी कोरी आणलेली असते.

आमची ती गाडी म्हणजे २००७ सालची होंडा अकॉर्ड, पाच गिअरची मॅन्युअल. चाकाखाली लिंबू, समोर कुंकवाचं स्वस्तिक, सगळं यथासांग झालं होतं. मॅन्युअल हवी हा हट्ट माझा नव्हे, हिचा. नाशिकला वडिलांच्या मारुतीवर गाडी शिकलेली ही. ऑटोमॅटिक म्हणजे गाडी नव्हे, लिफ्ट, असं तिचं मत. मिशिगनच्या बर्फातसुद्धा चढावर गाडी थांबवून पुन्हा न घसरता काढावी तर हिनेच. मुलगी हॉस्पिटलमधून घरी आली ती याच गाडीतून, आई-बाबांना नायगारा दाखवला तोही याच गाडीने, आणि दर वर्षी पुढच्या सीटवर पट्टा बांधून गणपतीबाप्पा आले तेही हिच्यातच.

२०१७ साली हिला रूमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं. आपण सरसकट ‘संधिवात’ म्हणतो, पण हा म्हातारपणी झिजलेल्या गुडघ्यांचा प्रकार नव्हे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, तेही अनेकदा ऐन चाळिशीत, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. औषधं चांगली निघाली आहेत, हिला त्यांचा फायदाही झाला. पण डावा गुडघा आणि खुबा त्याआधीच दुखावले होते. डावा पाय म्हणजे क्लच. सिग्नलगणिक तो दाबायचा म्हणजे काय, ते तिलाच माहीत.

गाडी लगेच बदलली नाही. आधी बदलली ती हिची उत्तरं. भिशीला? ‘नको, डोकं दुखतंय.’ मंडळाच्या नाटकाला? ‘तेच ते विनोद, तूच जा.’ कारण दर वेळी वेगळं, पण खरं कारण एकच होतं. गाडीतून उतरताना हात द्यावा लागतो आणि तो द्यायला चार माणसं धावत येतात, ते तिला नको होतं. ‘अरे, मला उतरवून घेतात जसं काही सामान आहे,’ असं ती एकदाच म्हणाली. गाडी बदलायची ठरली ती त्या वाक्यावर.

आता थोडं इंजिनिअरिंग, कारण पेशाच तो आहे. मोटार उद्योगात ‘एच-पॉइंट’ नावाची एक संज्ञा आहे. एच म्हणजे हिप. बसलेल्या माणसाचा खुबा गाडीत नेमका कुठे येतो, तो हा बिंदू. सेडानमध्ये तो जमिनीपासून बराच खाली असतो. म्हणजे बसताना शरीर अक्षरशः खाली सोडावं लागतं आणि उठताना सगळं वजन गुडघ्यांवर आणि खुब्यांवर घेऊन वर यावं लागतं. बैठक उंचावली की हा भार झपाट्याने कमी होतो. पण उंचीलाही मर्यादा आहे. मोठ्या पिकअप ट्रकमध्ये उतरताना जी कसरत, ती चढताना. मधली उंची प्रत्येकाची वेगळी असते आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही. साधी कसोटी अशी: उघड्या दारात सीटकडे पाठ करून उभं राहायचं. सीटची कड बसायच्या भागाच्या किंचित खाली टेकली पाहिजे, म्हणजे नुसतं मागे टेकलं की बसलो.

गाडीत शिरायची रीतही बदलावी लागते. एक पाय आत टाकून वळत बसायची आपली सवय दुखऱ्या सांध्याला सर्वांत वाईट. ऑक्युपेशनल थेरपिस्टने हिला पहिल्याच भेटीत शिकवलं: आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. उतरताना नेमकं उलट. त्यासाठी दार भरपूर उघडणारं हवं, उंबरा अरुंद हवा आणि सीटच्या कडा फार उचललेल्या नकोत. स्पोर्ट्स सीट दिसायला झकास, पण तिच्या कडेवरून सरकताना मांडी अडते.

म्हणून गाडी बघायला जाताना आम्ही काही नियम केले. जायचं ते सकाळी, कारण या दुखण्यात सांधे सकाळी सर्वांत आखडलेले असतात. अंगात जाड कोट हवा, कारण इथे पाच महिने तो असणारच. चालवून बघण्याआधी पाच वेळा चढायचं-उतरायचं. पहिल्यांदा सगळ्याच गाड्या सोप्या वाटतात. आणि एकदा तरी दोन गाड्यांच्या मधे उभी करून दार उघडून बघायचं. एका डीलरकडचा गृहस्थ सगळी माहिती मलाच सांगत होता. ही दोन्ही वेळा ‘चालवणार मी आहे’ म्हणाली आणि तिसऱ्या वेळी बाहेर पडली.

शेवटी सुबारू फॉरेस्टर घेतली, अर्थात ऑटोमॅटिक. डाव्या पायाला पूर्ण सुट्टी. बटण दाबून सुरू होते, त्यामुळे बोटांना किल्ली पिळायला नको. गरम होणारं स्टिअरिंग मी चैन समजत होतो; थंडीत आखडलेल्या बोटांना ते औषध आहे. दाराच्या चौकटीत कुलपासाठी जो लोखंडी आकडा असतो, त्यात अडकवायची एक सुटी मूठ मिळते, तिच्यावर भार देऊन उठता येतं. ती किरकोळ किमतीची मूठ आमची सर्वांत कामाची खरेदी.

पुढची पायरीही माहीत असलेली बरी. फिरून बाहेर येणाऱ्या सीट मिळतात, हाताने चालवायचे ब्रेक-ॲक्सिलरेटर बसवता येतात, आणि जमीन खाली घेऊन उतार बसवलेल्या मिनीव्हॅनमध्ये व्हीलचेअरसकट शिरता येतं. या क्षेत्रात मोठं काम केलेले राल्फ ब्राउन आपल्या शेजारच्या इंडियानाचे. लहानपणापासून स्नायूंचा आजार असलेल्या या माणसाने आधी स्वतःसाठी स्कूटर आणि लिफ्ट बनवली, आणि त्यातून कारखाना उभा राहिला. २०१३ साली ते गेले. त्यांच्या कंपनीच्या व्हॅन आजही रस्त्यावर दिसतात. अनेक मोटार कंपन्या नव्या गाडीत अशी साधनं बसवली तर खर्चाचा काही भाग परत देतात. सही करण्याआधी विचारा. आयआरएसच्या पब्लिकेशन ५०२ मध्ये अशी साधनं वैद्यकीय खर्चात धरली आहेत, तेही वाचा.

निळ्या पार्किंग परवान्यासाठी मात्र हिचं मन वळवायला गाडीपेक्षा जास्त वेळ लागला. आपल्याकडे दुखणं झाकायची सवय आहे. काठी दिसली की ‘या वयात?’ हा प्रश्न ठरलेला. तो परवाना गाडीचा नसून माणसाचा असतो. ही कुणाच्याही गाडीतून गेली तरी तो वापरता येतो, आणि ही सोबत नसताना मला तो वापरता येत नाही.

इथे मंडळातल्या सर्वांना एक विनंती. अशा जागेशेजारी तिरप्या पट्ट्यांचा किमान पाच फुटांचा मोकळा भाग असतो. दिवाळीच्या कार्यक्रमाला ‘दोनच मिनिटं, जेवणाचे ट्रे उतरवतो’ म्हणून तिथे गाडी लावू नका. त्या पाच फुटांतच दार पूर्ण उघडतं. ते उघडलं नाही, तर आतलं माणूस आतच राहतं.

जुनी अकॉर्ड पुण्याहून एम.एस.ला आलेल्या एका मुलाने घेतली. २०२१ च्या मॉडेलपासून अमेरिकेत अकॉर्ड मॅन्युअलमध्ये मिळतच नाही, त्यामुळे स्वारी खूश होती. हिने त्याला शेजारी बसून चढावर दोनदा गाडी काढायला लावली, मगच किल्ली दिली. ती रात्र जड गेली, नाही असं नाही. पण यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू तीस मैलांवर होतं. ही एकटी गेली, दोघींना वाटेत घेऊन गेली आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा आली.

कुणाच्या घरी असा प्रश्न उभा असेल, तर संकोच करू नका, फोन करा. आमच्या ड्राइव्हवेत या, गाडीत चार वेळा बसून-उतरून बघा. सकाळीच या मात्र. चहा-पोहे आहेतच.