दोन हात, दोन पाय, दोन गुडघे!
वीकेण्डला गिटार वाजवणारे पैशाला पासरी. पण पेडल स्टीलवाले? अमेरिकी कण्ट्री म्युझिकचं हे लाडकं वाद्य, सहसा दहा तारांचं, टेबलासारखं समोर मांडतात. उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्याने स्टीलचा बार सरकवायचा, डावा पाय आणि गुडघ्यांनी सूर ओढायचे, उजव्या पायाने आवाज सांभाळायचा. बाप रे! १९५४ मध्ये गाजलेल्या वेब पिअर्सच्या 'स्लोली'त बड आयझॅक्सने पेडल दाबून वाजत्या तारेचा सूर बदलला आणि बाकीचे वादक वेडे झाले.

ऑफिस सांभाळून शिकणाऱ्याची खरी कसोटी मात्र इतर स्टीलवाल्यांपुढे. पडदे इथे नुसत्या रेघांचे. बार केसभर हलला की सूर गेलाच. घरचे 'मस्त' म्हणून मोकळे होतात. 'वर जाताना बार मागे राहतोय' हे सांगणार दुसरा स्टीलवालाच. मग छाती धडधडली तरी आपलं अर्धंकच्चं गाणं ऐकवायचं, ते त्यांनाच.